हाड मोडलंय, सिगारेट सोडून व्हेप (ई-सिगारेट) ओढलं तर चालेल का?

नाही, चालणार नाही. हाड जुळायला तिथं नवं रक्त पोचावं लागतं आणि निकोटीन नेमक्या रक्तवाहिन्याच आवळतं. ते धुरातून आलं काय, वाफेतून आलं काय, हाडाला सारखंच. सिगारेट-बिडीत वर कार्बन मोनॉक्साइड असतो, तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. व्हेपमध्ये तेवढं वाचतं, इतकंच. (भारतात २०१९ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, मग आत निकोटीन किती याची खात्री कोण देणार?)

माझ्या मामांची नडगी मोडली होती. प्लास्टरमध्येही बिडी सुरूच. चौथ्या महिन्यात एक्स-रेवर हाड मोडल्याची काळी रेघ जशीच्या तशी! नडगीच्या खालच्या भागाला मुळातच रक्तपुरवठा कमी, तिथं तर फारच जपा. आणि किती ओढता ते डॉक्टरांना खरं सांगा.