हबलची दुरुस्ती: वाचकांचे काही प्रश्न

प्रश्न: हबल दुर्बिणीला अंतराळात चष्मा लावला होता म्हणतात, ते खरं का?

हो, खरंच आहे. एप्रिल १९९० मध्ये हबल वर गेली आणि फोटो धुरकट यायला लागले. २.४ मीटरचा मुख्य आरसा कडेला साधारण २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता, म्हणजे केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग! आरसा तपासायच्या उपकरणातली एक लेन्सच १.३ मिलीमीटर सरकलेली होती, त्यामुळे चुकीच्या मापाला अगदी काटेकोर असा आरसा तयार झाला. तो वर जाऊन बदलणं शक्यच नव्हतं, मग डिसेंबर १९९३ मध्ये कॅथरीन थॉर्नटन आणि टॉम एकर्स या अंतराळवीरांनी कोस्टार नावाची पेटी आत बसवली, जिच्यातले छोटे आरसे ती चूक उलट दिशेने भरून काढायचे. त्याच मोहिमेत बसवलेल्या नवीन कॅमेऱ्यात तर ही दुरुस्ती आधीच करून पाठवली होती. कोस्टारला जागा करायला एक उपकरण मात्र कायमचं काढावं लागलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न: तिथे वजनच नसतं, मग एवढं अवघड काय?

वजन जाणवत नाही, पण वस्तुमान कुठे जातं? २८० किलोचा कॅमेरा एकदा हलायला लागला की थांबवायलाही तेवढाच जोर लागतो, आणि शेजारी नाजूक आरसे. त्यात सूटमध्ये हवा भरलेली, त्यामुळे ग्लोव्हज इतके ताठ होतात की प्रत्येक वेळी मूठ वळायची तर जोर लावावा लागतो, आणि हे सात-आठ तास. म्हणूनच ह्युस्टनच्या मोठ्या तलावात पाण्याखाली हबलची प्रतिकृती ठेवून तेच तेच काम कितीतरी वेळा करून घ्यायचे.

प्रश्न: तुमच्या मते सगळ्यात कठीण दुरुस्ती कोणती?

२००९ ची, स्टिस नावाच्या स्पेक्ट्रोग्राफची (प्रकाशाचे रंग वेगळे करून तपासणारं उपकरण), यात मला शंकाच नाही. २००४ मध्ये त्याचा पॉवर सप्लाय गेला होता. हबलचे बरेच भाग अख्खे काढून नवे बसवता येतील असेच बनवलेत, पण इथे आतलं एक सर्किट कार्ड बदलायचं होतं आणि झाकणाला शंभरहून जास्त बारीक स्क्रू, जे वर कोणी कधी खोलेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. एक स्क्रू जरी सुटून तरंगत दुर्बिणीत गेला तरी संपलं, म्हणून वरून एक पारदर्शक प्लेट बसवली, तिच्या भोकांतून स्क्रू काढायचे आणि ते प्लेटखालीच अडकून राहायचे.

एवढी तयारी, आणि हे काम करणारा अंतराळवीर माइक मॅसिमिनो अडकला कुठे, तर झाकणाच्या आड येणाऱ्या साध्या हँडरेलवर! तिचा एक बोल्ट झिजला, टूल नुसतं गरगर फिरायला लागलं. खाली नासाच्या गोडार्ड सेंटरमधल्या इंजिनिअर लोकांनी तशीच हँडरेल ओढून बघितली किती जोरात तुटते ते, मग मॅसिमिनोने तुकडे उडू नयेत म्हणून टेप लावली आणि हाताने खेचून ती तोडली. त्यानंतर स्क्रू काढायच्या टूलची बॅटरी गेली, तेव्हा परत यानाच्या एअरलॉककडे, म्हणजे बाहेर पडायच्या कप्प्याकडे, जाऊन ती बदलून आणली. आठ तासांवर चालला तो स्पेसवॉक, पण स्टिस चालू झाला.

प्रश्न: २००९ ची ती मोहीम मध्ये रद्द का केली होती?

१ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया शटल कोसळलं, कल्पना चावलासह सातही जण गेले. त्यानंतर नियम असा की शटलला इजा झाली तर स्पेस स्टेशनवर आसरा घेता आला पाहिजे, पण हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांवर आणि स्टेशनची ५१.६ वर, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे जायला इंधन पुरणारच नाही. जानेवारी २००४ मध्ये नासाने मोहीम रद्द केली, लोक आणि शास्त्रज्ञ जाम चिडले, आणि २००६ मध्ये निर्णय फिरवला. मे २००९ मध्ये अटलांटिस शटल निघालं तेव्हा दुसऱ्या लाँचपॅडवर एंडेव्हर हे दुसरं शटल सुटकेसाठी तयार उभं होतं. ही खबरदारी मला अगदी योग्य वाटते, जीव आधी.

प्रश्न: आता बिघडली तर परत कोणी जाणार का?

शटल २०११ मध्ये बंद झाली आणि पुढची दुरुस्ती ठरलेली नाही. जून २०२४ पासून हबल एकाच जायरोवर (दुर्बीण किती वळली ते मोजणारं उपकरण) चालवतायत, दुसरा चालू आहे तो राखून ठेवलाय. एका जायरोवर वळायला वेळ जास्त लागतो, त्यामुळे निरीक्षणं थोडी कमी होतात. मात्र २००९ च्या टीमने तिच्या बुडाला एक रिंग बसवून ठेवलीये, पुढेमागे एखादं यान येऊन तिथे जोडलं जावं म्हणून.