दुकान बेळगावात, गिऱ्हाईक हद्दीपलीकडं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं ऑनलाइन विक्रीबद्दल आहेत. माझं माहेर निपाणीचं, सासर बेळगावचं. दोन्हीकडं घरात दुकानच होतं, त्यामुळं ही पत्रं वाचताना माणसं डोळ्यांसमोर येतात. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. पुष्कळांच्या कामाचे असतील ते प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : ताई, आमचं बेळगावात शहापूरला साड्यांचं दुकान आहे. चंदगड, आजरा, गोव्याकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला वडिलांच्या काळापासून आमच्याकडं येतात. आता तीच माणसं आधी फोटो मागतात. मुलगा म्हणतो, एखाद्या मोठ्या ऑनलाइन कंपनीवर दुकान उघडू, हल्ली तिथं कमिशनही घेत नाहीत. उघडावं का?
— साडी दुकानदार, शहापूर

उत्तर : काका, मुलाची माहिती बरोबर आहे. मीशोनं २०२१ पासून विक्रेत्यांकडून कमिशन घेणं बंद केलं. २०२५ च्या एप्रिलपासून ॲमेझॉननंही ३०० रुपयांच्या आतल्या पुष्कळ वस्तूंवरचं काढलं. पण कमिशन नाही म्हणजे खर्च नाही, असं होत नाही. तिथं तुमच्या साडीच्या शेजारी सुरतेची साडी तुमच्या निम्म्या भावात उभी असते. वर दिसायचं तर जाहिरातीला पैसे मोजावे लागतात. गिऱ्हाईकानं माल परत केला की परतीचं भाडंही बहुतेक वेळा विक्रेत्याच्याच अंगावर येतं. समजा एका साडीमागं तुम्हाला शंभर रुपये सुटतात आणि जायचं-यायचं भाडं दीडशे होतं. मग एक परत आलेली साडी दीड साडीचा नफा खाऊन जाते, आणि घडी मोडलेली साडी परत रॅकवर लावावी लागते ती वेगळीच.

माझं स्पष्ट मत सांगते. तुमचं ऑनलाइन गिऱ्हाईक तुमच्याकडं आलेलंच आहे. फोटो मागणारी चंदगडची ती बाई, तीच. आधी तिची सोय करा, कंपनीचं नंतर बघू.

दुकानाच्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, ते फुकट आहे. त्यातल्या कॅटलॉगमध्ये साडी, भाव आणि फोटो लावून ठेवा, म्हणजे तेच तेच फोटो रोज पाठवत बसायला नको. ब्रॉडकास्ट यादीवरचा निरोप मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून बिल करतानाच गिऱ्हाईकाला नंबर सेव्ह करायला सांगा. गल्ल्यावर बसणाऱ्यानं एवढं एक काम न चुकता करावं.

फोटोचं मनावर घ्या. ट्यूबलाइटखाली चिंतामणी रंग साफ फसवतो, वांगी काळा दिसतो. सकाळी नऊ-दहाला दुकानाच्या पायरीवर, ऊन थेट पडणार नाही अशा सावलीत साडी उलगडा. एक फोटो पूर्ण पदराचा. एक काठाचा, अगदी जवळून, काठावर हाताची बोटं ठेवून, म्हणजे रुंदी कळते. एक अंगावरच्या बुट्टीचा. शिवाय पदर हातात धरून हलवल्याचा छोटा व्हिडिओ काढा. कापडाला झोल किती आहे ते बाईमाणूस त्यावरूनच ओळखतं. खाली रंगाचं नाव, लांबी आणि ब्लाऊजपीस आहे की नाही ते लिहा. मराठीत लिहाच, कन्नडमध्येही लिहा. गोकाक-बैलहोंगलचं गिऱ्हाईक काय कमी आहे?

बस्त्याचं गिऱ्हाईक असेल तर संध्याकाळी आठनंतर व्हिडिओ कॉलची वेळ ठरवून द्या. नवरीची आई, आत्या, मावशी सगळ्या एकदम बसतात, आणि निर्णय तिथंच होतो. निम्मे पैसे आगाऊ घ्या. ओळखीच्या गिऱ्हाईकाला त्यात कमीपणा वाटत नाही.

आणखी एक. तुम्ही जीएसटीत कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठराविक दरानं कर भरायची सोय) असाल तर पार्सल बांधायच्या आधी थांबा. कंपोझिशनवाल्याला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही, ऑनलाइन कंपनीमार्फतही फक्त आपल्याच राज्यात विकता येतो. चंदगडची बाई दुकानात येऊन साडी घेऊन गेली तर साधारणपणे ती कर्नाटकातली विक्री धरतात. तीच साडी तुम्ही शिनोळीपलीकडं, महाराष्ट्रात तिच्या घरी पाठवली की आंतरराज्य विक्री झाली. आपल्या भागातल्या दुकानदारांना हा फरक कुणी समजावून सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पुढचा प्रश्नही त्यातलाच आहे.

प्रश्न : आम्ही बायकांचा बचत गट आहे. कांदा-लसूण मसाला आणि पापड करतो. विक्री ४० लाखांच्या जवळपासही नाही. कागल-कोल्हापूरच्या ऑर्डरी फोनवर येतात. आम्हाला जीएसटी लागतो का? एकजण हो म्हणतो, एकजण नाही.
— बचत गट, निपाणी

उत्तर : ताई, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण ही सूट राज्यातल्या विक्रीपुरती. मसाल्याचं पार्सल कोगनोळी नाक्यापलीकडं गेलं की रक्कम कितीही लहान असो, नोंदणी लागते. चिकोडी, अथणी, थेट बेंगळुरूपर्यंत पाठवा, लागत नाही, आणि घरापासून हाकेच्या अंतरावरचं कागल मात्र परराज्य! हे जाचक आहे, पण नियम असा आहे.

पापडांचं वेगळं. पापड करमुक्त आहेत आणि नुसता करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाही. मसाल्यावर ५ टक्के आहे. म्हणजे कोल्हापूरला फक्त पापड पाठवत असाल आणि मसाला राज्यातच विकत असाल, तरी एकदा सल्लागाराला हिशेब दाखवून घ्या, कारण गट एकच आहे. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंनाही आंतरराज्य विक्रीत सवलत आहे, मसाला त्यात बसत नाही.

ऑनलाइन कंपन्यांवर विकायचं मनात असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून एक वाट खुली झाली आहे. जीएसटी नोंदणी नसलेला लहान विक्रेता जीएसटीच्या पोर्टलवरून नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन अशा कंपनीवर विकू शकतो, पण फक्त आपल्या राज्यात. माझं विचाराल तर तुमचं गिऱ्हाईक कोल्हापूरकडं आहे, त्यामुळं पूर्ण नोंदणीच करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून लहान व्यापाऱ्यांना तीन कामाच्या दिवसांत नोंदणी मिळण्याची सोय झाली आहे. विवरणपत्रं भरायला माणूस लागेल, त्याचा खर्च धरूनच किलोचा भाव ठरवा.

पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, किती दिवस टिकेल, बॅच क्रमांक, पत्ता, तक्रारीचा फोन आणि शाकाहारी हिरवी खूण, एवढं हवंच. पाकीट दुहेरी सील करा. मसाल्याचं तेल कागदावर उतरलं की पार्सल घेणारा आधी नाक मुरडतो, चव मग बघतो.

प्रश्न : आमचा कुंदा पुण्या-मुंबईला पाठवता येईल का? दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर ठेवता येईल का?
— मिठाईवाले, बेळगाव

उत्तर : पाठवता येईल, पण दुधाचा पदार्थ आहे. उन्हाळ्यात नकोच. रात्रीच्या बसनं जाऊन सकाळी हातात पडेल अशाच गावांना पाठवा. झटपट ॲपचं मला तरी अवघड वाटतं. माल घरी पोचताना त्याचं निदान ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असं एफएसएसएआयनं २०२४ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन कंपन्यांना बजावलं आहे. त्यामुळं थोडे दिवस टिकणारा माल गोदामात ठेवायला त्या नाखूष असतात. गोकाकच्या करदंटाला ही अडचण कमी, गूळ, डिंक आणि सुकामेवा टिकतात. दूरच्या गिऱ्हाईकाला करदंट, जवळच्याला कुंदा, असं वाटून घ्या.

प्रश्न : आम्ही अथणीला चपला करतो. इन्स्टाग्रामवर बाहेरून विचारणा येते. माप चुकतं म्हणून माल परत येतो. आणि अथणीच्या चपलेला ‘कोल्हापुरी’ लिहिलं तर चालतं का?
— चर्मकार कारागीर, अथणी

उत्तर : दादा, अभिमानानं लिहा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर या चार जिल्ह्यांचं मिळून आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिराला आपलं नावही नोंदवता येतं, ते करून घ्या. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापुरीचं नाव जगभर झालं. त्या गाजावाजाचा फायदा तुमच्या हाताला मिळाला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तयार चपलेचा फोटो कुणीही टाकतो. तुम्ही करतानाचं दाखवा. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, त्यावर पडणारा हातोडा, चामड्याच्याच वादीनं घातलेली शिलाई, वेणी विणणारी घरातली बाई. बोलायचीसुद्धा गरज नाही, ठोक्यांचा आवाज तसाच राहू द्या.

मापासाठी नुसता नंबर घेऊ नका. गिऱ्हाईकाला संध्याकाळी, दिवसभर चालून पाऊल भरलेलं असताना, कोऱ्या कागदावर उभं राहून दोन्ही पावलांच्या कडेनं पेन्सिल फिरवायला सांगा. टाच ते अंगठा आणि चवड्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहून, शेजारी पट्टी ठेवून फोटो मागवा. पार्सलमध्ये एक चिठ्ठी घाला : चप्पल पहिले काही दिवस कडक लागेल, तेल लावा, पावसात घालू नका. या चिठ्ठीनं निम्म्या तक्रारी उगवतच नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्केच जीएसटी आहे, भाव ठरवताना ती रेघ ध्यानात ठेवा. आणि पीएम विश्वकर्मा योजनेत पादत्राणं करणारे कारागीर येतात. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं कर्ज आहे, चौकशी करा.

प्रश्न : २०२५ च्या जुलैमध्ये यूपीआयची जमा बघून दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या तेव्हापासून क्यूआर काढून टाकावा असं वाटतंय.
— किराणा दुकानदार, खानापूर

उत्तर : काढू नका. नोटिसा क्यूआर लावला म्हणून आल्या नव्हत्या, वर्षाची जमा मर्यादेपलीकडं दिसली म्हणून आल्या. दुकानाचं खातं आणि घरचं खातं वेगळं करा. भावाकडून आलेले उसने आणि विक्रीचे पैसे एकाच खात्यात आले की उत्तर देताना घाम फुटतो. खरेदीची बिलं फाईलला लावा.

प्रश्न : लष्करातला आहे, कॅम्पमधून बोलतोय, असं सांगून एकानं मोठी ऑर्डर दिली. पैसे पाठवायला क्यूआर स्कॅन करा म्हणाला. शंका आली म्हणून फोन ठेवला. बरोबर केलं ना?
— भांड्यांचे दुकानदार, बेळगाव

उत्तर : अगदी बरोबर केलं, भाऊ. आपल्याकडं पलटणीबद्दल आदर आहे, भामटे तोच वापरतात. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कुणी दाखवला तरी स्वतःच्या बँकेत जमा दिसल्याशिवाय माल हलवू नका. दुकानातल्या पोरांनाही हे सांगून ठेवा, कारण तुम्ही जेवायला गेल्यावरच असले फोन येतात. कुणाचे पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नये, त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. त्या माणसाचा नंबर आणि क्यूआरचा फोटो पुसू नका, तक्रारीला जोडा.