शिडाच्या होडीसाठी गाव शोधताय?

घर नंतर बघा, आधी खाडी बघा. आणि जानेवारीत नव्हे, जुलैत जा! थंडीत कोकणातलं प्रत्येक बंदर गोडच दिसतं. पावसाळ्यात होडी वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारायला जागा मिळते का, हा खरा प्रश्न. मला स्वतःला विजयदुर्ग आवडतं. वाघोटण खाडीचा आडोसा आहे, पाणीही खोल. मालवण देखणं, पण खडकाळ. तिथल्या तांडेलाला (होडी हाकणाऱ्या जाणकाराला) सोबत घेतल्याशिवाय आत शिरू नका. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक मुंबईकडे 5 मीटरच्या आसपास जातो, गोव्याकडे साधारण 2. (ओहोटीला गाळात रुतलेल्या होडीत अख्खी दुपार काढलीय मी, म्हणून सांगतो.) मोठं हॉस्पिटल किती लांब, तेही नकाशावर नको, गाडीने जाऊन मोजा.