पीएचडीचा मार्गदर्शक कोण आहे याने पुढच्या करिअरला खरंच फरक पडतो का?

हो, बराच पडतो. पण विषय शिकवल्यामुळे कमी आणि कोणत्या प्रश्नामागे लागावं हे कळल्यामुळे जास्त. समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांनी १९७२पर्यंत अमेरिकेतल्या कामासाठी नोबेल मिळालेल्या ९२ शास्त्रज्ञांचा अभ्यास केला. त्यांपैकी ४८ जण कधी ना कधी दुसऱ्या, वयाने मोठ्या नोबेल विजेत्याच्या हाताखाली काम केलेले होते. गुरूंकडून माहितीपेक्षा कामाची पद्धत मिळाली, असंच त्यांच्या मुलाखतींमधून पुढे आलं: चांगला प्रश्न कसा ओळखायचा, ‘चालून जाईल’ आणि ‘उत्तम’ यांत फरक कुठे असतो. शिफारसपत्रं, ओळखी, पेपरवर पहिलं नाव कोणाचं हे सगळं आहेच, आणि पहिली नोकरी मिळेपर्यंत तेच जास्त जाणवतं.

मात्र या आकड्यांवरून सगळं श्रेय गुरूला देऊ नका. हुशार विद्यार्थी नामवंत मार्गदर्शक शोधतात आणि तेही निवडूनच घेतात, त्यामुळे घडवणं किती आणि निवडणं किती हे वेगळं काढणं अवघड आहे. शिवाय नाव मोठं पण मसुदा वाचायला वेळ नाही, असा मार्गदर्शक फारसा कामाचा नाही. होकार देण्याआधी त्यांच्या सध्याच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोला.