कोयत्याची किंमत कशी लावायची?

दादा, तू घडवून विकायला काढलेल्या कोयत्याचा फोटो पाहिला. घडाई झकास, पण किंमत फक्त २५० रुपये? त्यात तुझी मजुरी कुठेच दिसत नाही. मीही पहिलं वर्षभर लोखंड आणि कोळसा एवढाच खर्च धरायचो. गिऱ्हाईक खूश, खिसा रिकामा.

समज, गाडीच्या जुन्या कमानपाट्याचं (स्प्रिंगच्या पट्टीचं) लोखंड १२०, कोळसा ४०, बाभळीची मूठ ३०. भट्टी पेटवण्यापासून धार लावेपर्यंत २ तास, तासाला १५० धरले तर ३००. झाले ४९०. वीजबिल, झिजलेली कानस, बिघडलेला नग यांचे ६० घाल. ५५० च्या खाली उतरू नकोस. भाव मात्र तुझ्या गावच्या खरेदीवरून काढ, माझे आकडे उचलू नकोस.

सुरुवातीला एवढंच बघ:

- दोन-तीनच वस्तू कर. खुरपं, विळा, कोयता. तलवारीच्या ऑर्डरला सरळ नाही म्हण, पोलिसांचं लचांड मागे लागतं.
- ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ. ओळखीच्याकडूनही. (ओळखीच्याकडून तर आधी!)
- खुरपी पावसाच्या आधी तयार ठेव, ऊसतोडीचे कोयते दसऱ्याच्या आत.

आठवडी बाजारात कारखान्याच्या मालाशी भावात भिडू नकोस, हरशील. बाभळीची ओली फांदी सोबत ने आणि ती तोडून बघायला गिऱ्हाईकाच्याच हातात कोयता दे. पाणी जास्त चढून (तापवून पाण्यात बुडवताना धार फार कडक होऊन) धारेचा टवका उडाला, तर वाद न घालता बदलून दे.

ऑनलाइन विक्रीचं नंतर बघू. आधी वीस नग विक आणि प्रत्येकाला लागलेला वेळ वहीत लिही.