पॅनिक बटण फोनला जोडताना
वाळपईला एकट्या राहणाऱ्या आपल्या आईंसाठी, संकटात दाबताच फोनवरून मदतीचा संदेश पाठवणारे ब्लूटूथ बटण घेतलेत, हे उत्तम केलेत. मात्र ते ॲपशी जोडल्यावर लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी ठेवावी आणि बॅटरी बचतीच्या यादीतून ते ॲप वगळावे, अन्यथा फोन निजला की ॲपही निजते आणि बटण दाबूनही संदेश जात नाही. बटण केवळ फोनला इशारा देते, पुढचे सारे फोनच करतो. म्हणून फोन देवघरात आणि आई परसात माडाखाली असतील तर उपयोग नाही, कारण चिऱ्यांच्या जाड भिंतींआड १० मीटरवरही संपर्क तुटतो, हे मी माझ्या घरी अनुभवले आहे. संदेश ज्यांना जायचा त्यांच्या यादीत पहिला क्रमांक शेजाऱ्यांचा घालावा, आपला नंतर. ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक जोडल्यास त्यावर चाचणी घेऊ नये.