काम जास्त की मुभा कमी?

“काम झेपत नाही, म्हणजे मीच कमकुवत आहे का?” समुपदेशनासाठी येणारी, नोकरी करणारी बरीच माणसे हा प्रश्न या ना त्या शब्दांत मला विचारतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापसाची प्रत पाहणारा 27 वर्षांचा तरुणही तोच घेऊन आला होता. त्याची हकीकत त्याच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतपत बदलून सांगते.

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते. प्रत्येक गाडीत मॉइश्चर मीटर खुपसायचे, मूठभर कापूस उपसून कवडी (नीट न उमललेला, डागाळलेला कापूस) आणि पालापाचोळा पाहायचा आणि आकडा शेठला फोनवर कळवायचा, एवढेच त्याचे काम. सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात आणि 12 च्या वर गेला की नकार, असा हिशेब ठरलेला असतो. इथे मात्र शेठच्या मनात येईल ती कपात. “मॅडम, म्या फक्त फोन लावतो. भाव शेठचा, शिव्या मले,” तो म्हणाला.

रात्री दोनला जाग येणे, छातीत धडधड, जेवणावरची वासना उडणे, अशा तक्रारी होत्या. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे आपल्या भागात मी आडवळणाने विचारत नाही. त्याने नाही म्हटले, तरी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लिहून दिला आणि आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगितले.

मला खटकली ती वेगळीच गोष्ट. हंगाम संपून काम निम्म्यावर आले, तरी त्याला बरे वाटले नव्हते. उलट, पूर्वी बोटांनी धागा ताणून लांबी सांगणारा हा मुलगा आता तसा प्रयत्नही करीत नव्हता. ताण केवळ कामाच्या ओझ्याचा असता, तर उन्हाळ्यात तो ओसरायला हवा होता.

रॉबर्ट कारासेक या अमेरिकी संशोधकाने 1979 मध्ये मांडलेली बाब इथे नेमकी लागू पडते: कामाची मागणी मोठी आणि निर्णयाची मुभा थोडी असेल तर मन खचते, मागणी मोठी असूनही मुभा असेल तर माणूस त्याच कामातून शिकत जातो, आणि दोन्ही थोडी असतील तर शिकलेलेही गंजते. त्याच आवारातला जिन फिटर हंगामात तितकेच तास राबतो. पण कोणते यंत्र कधी थांबवायचे आणि रोलरला खाचा कधी पाडायच्या हे तो स्वतः ठरवतो. त्याला झोप लागते, हे आमच्या तरुणानेच थोड्या असूयेने सांगितले.

नोकरी सोडण्याचा सल्ला मी दिला नाही. घरी दोन एकर कोरडवाहू असलेल्याला तो देणे सोपे आणि बेजबाबदार ठरले असते. दोन आठवडे फोनांची नोंद ठेवायला सांगितली. बहुतेक फोन रोजच्याच, वाद नसलेल्या गाड्यांचे निघाले. ती वही घेऊन तो शेठकडे गेला आणि कपातीचा तक्ता फाटकावर लावावा, तक्त्यात बसणाऱ्या गाड्या आपण फोन न करता आत सोडाव्यात, असे त्याने सुचवले. शेठने तक्ता लावला. मात्र 10 टक्क्यांपुढची गाडी अजूनही विचारूनच घ्यायची आहे, आणि त्या फोनांनंतर आजही त्याचे डोके दुखते.

वही त्याने चालूच ठेवली आहे. मीटर खुपसण्याआधी हाताने ओलाव्याचा अंदाज घेऊन तो लिहायचा, मग मीटरचा आकडा शेजारी. मागच्या भेटीत त्याने एक पान उघडून दाखवले: अंदाज 9, मीटर 9.5.